इंजिन पंपाचं, ट्रॅक्टर बागेचा

लिंबाच्या बागेत आंतरमशागतीला वापरायचो तो जुना छोटा ट्रॅक्टर आज नव्या इंजिनवर अंगणात फिरला. नवं म्हणजे त्याच्यासाठी नवं. विहिरीवर वीज आल्यापासून खळ्यात पडून असलेलं पंपाचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन.

नुसते चार बोल्ट आवळून हे काम होत नाही. जुनं पेट्रोल इंजिन ३००० आरपीएमचं (मिनिटाला ३००० फेरे), हे १५०० चं. गिअरबॉक्सला पूर्वीचाच वेग द्यायचा तर इंजिनवर ४ इंचाऐवजी ८ इंची पुली हवी. एवढी पुली मावायला इंजिनखालची प्लेट उचलली, तर बेल्टची लाइन सरकली. अमळनेरच्या लेथवाल्या दादांनी पुलीचं भोक शाफ्टच्या मापाचं करून (बोअर) ती शाफ्टवर घसरू नये म्हणून चावीची खाच पाडून दिली. दोन्ही पुल्यांवर दोरा ताणून लाइन जुळवली, लेझर-बिझर काही नाही. इंजिन कुठल्या बाजूला फिरतं ते मात्र आधीच बघितलं होतं. उलटं असतं तर पुढे एक आणि मागे तीन गिअर मिळाले असते!

रंग, सीट नंतर. चकचकीत करून नुसत्या मिरवायच्या गाड्यांचं मला फार कौतुक नाही.

दुपारी शेजारचे आबा डोकावले. "हाई भंगार चालू व्हई का रे भो?" मी हँडल मारलं. धुराचा लोट थेट त्यांच्याच अंगावर गेला.

पुढचं वजन वाढल्याने स्टिअरिंग जड झालंय. पुढच्या एक्सलचे बुश (पिनभोवतीच्या झिजणाऱ्या नळ्या) बदलावे लागतील. पारोळा-धुळ्याकडे कुणी चांगले बनवून देत असेल तर सांगा.