मराठी पुस्तकं वाचायला टॅबलेट किती इंचांचा? – माझा अनुभव

टॅबलेटच्या खोक्यावर पडद्याच्या आकाराचा एकच आकडा छापलेला असतो आणि वाचणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. ‘२७.९४ सेमी (११ इंच)’. हा कर्ण, म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. ओळ तिरकी छापत नाहीत. अक्षर किती मोठं दिसणार हे ठरतं पडद्याच्या रुंदीवर आणि उंचीवर, आणि ही दोन मापं खोक्यावर नसतात, जाहिरातीत नसतात, दुकानात विचारली तर कुणाला ठाऊक नसतात. वर सेंटिमीटरचा आकडा बघून बरेच जण २८ सेंटिमीटर ही उंचीच धरून चालतात.

माझं वाचन मुख्यतः स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, साहित्य संस्कृती मंडळाच्या पीडीएफ आणि दिवाळी अंक. हे आधीच सांगतो, कारण तुम्ही फक्त विकत घेतलेली ई-पुस्तकं वाचणार असाल तर पुढचं बहुतेक तुम्हाला लागू नाही. ईपबमध्ये, म्हणजे अशा ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ओळी आपोआप नव्याने मोडतात, सात इंची किंडलही पुरतो आणि तो दोनशे ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे हातही दुखत नाही. फक्त अरुंद पडद्यावर दोन्ही बाजूंनी समास जुळवायची सोय बंद करा. मराठीत लांब शब्द फार, त्यामुळे ओळीत चार शब्द आणि मध्ये भगदाडं असा प्रकार होतो. डावीकडून सरळ ठेवलं की प्रश्न मिटला.

पीडीएफचं तसं नाही. पान जसं आहे तसंच राहतं आणि पडद्यात मावेल एवढं लहान होतं.

आता दुकान. मी गेलो त्या मोठ्या दुकानात मांडलेले सगळे टॅबलेट साखळीने बांधलेले होते आणि त्यांवर एकच जाहिरातीचा व्हिडिओ गोल गोल फिरत होता. मासे, फुगे, रंगांचे फवारे. स्पर्श केला की पाच-सहा सेकंद मुख्य पडदा दिसायचा आणि परत मासे. वाय-फाय नाही, स्वतःचं खातं टाकायला परवानगी नाही, पीडीएफ उघडायला ॲप नाही, पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत. “सर, मोठाच आहे, अकरा इंच आहे,” हे उत्तर प्रत्येक प्रश्नाला. रुंदी किती? मोठाच आहे. या शेजारच्यापेक्षा अक्षर मोठं दिसेल का? सर, हा अकरा, तो दहा पॉइंट दोन. सीलबंद खोकं उघडून दाखवत नाहीत, आणि एकदा उघडलं की परत घेत नाहीत. ऑनलाइनही बहुतेक ठिकाणी वस्तू सदोष असेल तरच बदलून मिळते. ‘अक्षर बारीक दिसतं’ हा दोष धरत नाहीत. म्हणजे वीस-तीस हजारांची वस्तू वाचण्यासाठी घ्यायची आणि तिच्यावर एक पानही न वाचता घ्यायची. फिरणारे मासे बघून डोळ्यांना काय सोसेल हे कसं कळणार, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

यातून मार्ग आहे, आणि तो दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. खिशात पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवा आणि बरोबर एक पुस्तक न्या, नेहमीच्या आकाराचं. पट्टीने पडद्याचा फक्त उजळलेला भाग मोजा, काळी चौकट सोडून. मग पुस्तक उघडून पान थेट काचेवर ठेवा. पडदा पानाबाहेर किती उरतो किंवा किती कमी पडतो हे त्याच क्षणी दिसतं. दुकानवाले बघू देत असतील तर सेटिंगमध्ये भाषा मराठी करून ‘वर्षांपूर्वी’, ‘कर्तृत्व’, ‘उद्ध्वस्त’ असले शब्द सर्वांत बारीक आकारात बघा. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळले, ऋकाराचा हूक पुसट झाला, तर त्या पडद्यावर जुना टाइप वाचणं त्रासाचं होणार.

दुकानात न जाताही मापं काढता येतात. कंपनीच्या तपशिलात पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) आणि पीपीआय (एका इंचात किती ठिपके) हे दोन आकडे असतात. पिक्सेलला पीपीआयने भागलं की इंच मिळतात, त्यांना २.५४ ने गुणलं की सेंटिमीटर. उदाहरणार्थ १९२० × १२०० पिक्सेल आणि २०६ पीपीआय: रुंदी ५.८३ इंच, म्हणजे १४.८ सेमी, आणि उंची २३.७ सेमी. पीपीआय दिलेला नसेल तर पडद्याच्या लांब आणि आखूड बाजूंचं प्रमाण बघा (टॅबलेट उभा धरला की आखूड बाजू म्हणजे रुंदी). ४:३ असेल तर रुंदी कर्णाच्या ०.६ पट, उंची ०.८ पट (शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण). ३:२ असेल तर रुंदी ०.५५ पट. १६:१० असेल तर ०.५३ पट, आणि ५:३ असेल तर जेमतेम ०.५१ पट. म्हणूनच १०.२ इंची ४:३ चा पडदा १५.५ सेमी रुंद भरतो आणि ११ इंची १६:१० चा १४.८ सेमी. आकडा मोठा, रुंदी कमी.

इथे थांबून ‘४:३ च चांगला’ असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. घाई करू नका, पान मोजा.

मराठी कादंबऱ्या, आत्मचरित्रं वगैरे बहुधा डेमी आकारात, साधारण १४ × २१.६ सेमी. कडेची कोरी जागा सोडली तर छापलेला मजकूर अंदाजे १०.५ × १७ सेमी. या मजकुराचं उंची-रुंदीचं प्रमाण १.६ च्या जवळ येतं, म्हणजे जवळजवळ १६:१०. त्यामुळे डेमी पुस्तकाच्या पीडीएफमधल्या कोऱ्या कडा कापून टाकल्या की ११ इंची १६:१० च्या पडद्यावर मजकूर मुळाच्या १.३९ पट होतो. मूळ १२ पॉइंटचा टाइप साडेसोळाच्या वर जातो. १०.२ इंची ४:३ वर मजकूर उंचीला अडतो आणि १.२२ पटीवरच थांबतो, बाजूला पांढरे पट्टे उरतात. उलट ए४ आकाराचं पान (अहवाल, शासन निर्णय, प्रबंध) अख्खं बसवलं तर दोन्ही पडद्यांवर ०.७० पट होतं. १२ पॉइंटचे साडेआठसुद्धा धड उरत नाहीत. म्हणजे ए४ साठी ११ आणि १०.२ यांत काही फरकच नाही, आणि डेमीसाठी फरक ११ च्या बाजूने.

कडा कापण्याचं महत्त्व वेगळं सांगायला हवं. न कापता तेच डेमी पान ११ इंचावर १.०६ पट दिसतं. १.०६ चं १.३९ करायला मोठा पडदा घ्यायचा म्हटलं तर तो साडेचौदा इंचांचा लागेल. हे काम केओरीडर नावाचं मोफत ॲप करतं: पानाच्या कडा ओळखून आपोआप कापतं आणि पुसट छपाईचा काळेपणाही वाढवतं. स्कॅन तिरका असेल किंवा कडेला ग्रंथालयाचा शिक्का, बोटाची सावली असेल तर आपोआप कापणं फसतं, कारण ॲप त्या डागालाच मजकूर समजतं. अशा वेळी संगणकावर ब्रिस हे प्रोग्रॅम वापरा. ते सगळी पानं एकावर एक ठेवून दाखवतं आणि सम व विषम पानांच्या चौकटी वेगळ्या आखू देतं. वेगळ्या आखणं गरजेचं, कारण बांधणीकडची कड एका पानाला डावीकडे असते, पुढच्याला उजवीकडे.

कडा कापल्यावर लहान टॅबलेटही कामाला येतो. ८.७ इंची ५:३ चा पडदा ११.३ सेमी रुंद. त्यावर कापलेलं डेमी पान १.०८ पट, म्हणजे छापील पुस्तकाएवढं. ८.३ इंची आयपॅड मिनीवर १.०४. दोन्हींत मापाचा फरक नगण्य, पण एकात १७९ पीपीआय असू शकतो आणि दुसऱ्यात ३२६. निरोगी डोळा ४० सेंटिमीटरवरून साधारण २१८ पीपीआयपर्यंतचे ठिपके वेगळे ओळखू शकतो. त्याखाली पातळ वेलांट्या आणि अनुस्वार करडे होतात, ध आणि घ, भ आणि म ताणून बघावे लागतात. मोठ्या पडद्यावर २०६ चालून जातो कारण अक्षरच मोठं असतं. लहान पडद्यावर पीपीआयमध्ये काटकसर करू नये, हे माझं ठाम मत.

बाकी पैसे मोजण्याआधी करायची सगळ्यांत स्वस्त परीक्षा झेरॉक्सच्या दुकानात होते. ए४ ची ए५ करून मागा. ती छोटी प्रत मुळाच्या सुमारे ७० टक्के असते, म्हणजे ११ इंची टॅबलेटवर अख्खं ए४ पान नेमकं एवढंच दिसणार. डेमी पुस्तकाच्या पानासाठी मशीनवर टक्के टाकायला सांगा: ८१ (८.७ इंची, न कापता), १०८ (कापून), १३९ (११ इंची, कापून). त्या प्रती घरी नेऊन नेहमीच्या चष्म्याने, नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या दिव्यात वीस मिनिटं वाचा. दोन ओळी वाचून ‘जमतंय की’ म्हणू नका. ताण दहा मिनिटांनंतर जाणवतो.

चष्म्याचा विषय निघालाच आहे तर: प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसायचा भाग खाली आणि अरुंद असतो. टॅबलेट स्टँडवर उभा करून ६० सेंटिमीटरवर ठेवला की तो भाग निसटतो, हनुवटी वर उचलून वाचावं लागतं आणि मान धरते. शिवाय अंतर ४० चं ६० झालं की तेच अक्षर डोळ्याला दीडपट लहान पडतं. १२.९ इंची पडद्यावर ए४ पान ०.८८ पट दिसतं खरं, पण वजन सातशे ग्रॅमच्या आसपास असल्याने तो हातात धरवत नाही, स्टँडवर जातो, आणि तिथे त्याचा परिणाम ०.५९ एवढाच उरतो. हातातल्या अकरा इंचापेक्षाही कमी. टेबलाशी वाकून, ४० सेंटिमीटरवर ठेवून वाचणार असाल तरच एवढा मोठा घ्या.

वजनाचं गणित कव्हर धरून करा. ११ इंची टॅबलेट ४८० ग्रॅम, वर झाकणाचं कव्हर दोनशे-अडीचशे. पाऊण किलो साखर भरलेली पिशवी एका हातात पंधरा मिनिटं धरून बघा, मग ठरवा. पडून वाचायची सवय असेल तर ३०० ते ३५० ग्रॅमच्या वर जाऊ नका.

ए४ पानं फार वाचायची असतील तर टॅबलेट आडवा धरा. ११ इंची पडद्याची आडवी रुंदी २३.७ सेमी, त्यात १७ सेमीचा मजकूर १.३९ पट होतो आणि एक पान तीन टप्प्यांत सरकवून वाचता येतं. दिवाळी अंकातले दोन रकाने मात्र असे वाचू नयेत. खाली जाऊन परत वर यावं लागतं. तिथे उभा धरून एकेक रकाना मोठा करणं बरं, आणि ८ सेंटिमीटरचा रकाना ८.७ इंची टॅबलेटवरही १.४ पट होतो.

केओरीडरमध्ये स्कॅन केलेलं पान शब्दाशब्दांत कापून नव्याने ओळी लावायची सोय आहे. शिरोरेषेमुळे देवनागरी शब्द अखंड कापले जातात, हे चांगलं. पण ओळी दाट असतील, वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकत असेल, तर दोन ओळी एकत्र चिकटतात. जुन्या खिळा-छपाईच्या पुस्तकांत हे वरचेवर होतं, म्हणून या सोयीच्या भरवशावर लहान पडदा घेऊ नका.

पीडीएफमधला एक शब्द निवडून कुठेतरी चिकटवून बघा. मराठीच उमटला तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आहे. रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली आहे, आणि कुठल्याही ॲपची साधी ‘मजकूर मोठा करा’ सोय तिथे कचराच दाखवणार. तिच्याशी स्कॅनसारखंच वागा.

मॅट काचसंरक्षक लावल्यास ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जातं, पण बारीक अक्षराला दाणेदारपणा येतो. ८ इंची पडद्यावर नको, ११ वर चालेल. आणि इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरून उतरवलेल्या जड रंगीत पीडीएफचं पान उलटायला स्वस्त टॅबलेट वेळ घेत असेल तर पडद्याला दोष देऊ नका. त्यात पानाची पार्श्वभूमी आणि अक्षरं वेगवेगळ्या थरांत दाबून ठेवलेली असतात, ती दर पानाला उलगडावी लागतात. संगणकावर ती फाइल काळ्या-पांढऱ्यात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) पुन्हा साठवली की पानं सरसर उलटतात.