ओहायोतला एक शनिवार: लॉज, इम्पाला आणि चर्चचं जेवण

इकडे छोट्या गावांत मेन स्ट्रीटवरून चालताना जरा मान वर करून बघा, खाली पिझ्झाचं नाहीतर अँटिकचं दुकान असतं आणि वरच्या मजल्याच्या भिंतीवर साखळीच्या तीन कड्या कोरलेल्या दिसतात, आत एफ, एल, टी. फ्रेंडशिप, लव्ह, ट्रूथ. ही ऑड फेलोज लॉजची खूण. ऑड फेलोज म्हणजे अडीअडचणीला मदत करणाऱ्या लोकांची एक जुनी संघटना, आणि लॉज म्हणजे राहायचं हॉटेल नव्हे, तर तिची गावातली शाखा.

आमच्या शेजारचे आजोबा (ऐंशी ओलांडलीये, आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात) त्याच लॉजचे मेंबर. शनिवारी सकाळी त्यांच्या पॅनकेक ब्रेकफास्टला आम्हाला घेऊन गेले. लॉज म्हणजे बंद दाराआडचं काहीतरी गूढ, असं आपल्याकडे वाटतं, मुंबईत फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलबद्दल मी पण लहानपणी काय काय ऐकलेलं. इथे मात्र अॅप्रन बांधलेले सत्तरीतले काका तव्यावर पॅनकेक उलटतायत, आणि लॉजच्या बायकांची संघटना आहे रिबेकाज, त्यातल्या आज्या टेबलाटेबलावर कॉफी ओततायत. अमेरिकेत हे सुरू झालं १८१९ ला, बाल्टिमोरला, लंडनहून आलेल्या थॉमस वाइल्डीने केलं. काम काय, तर आजाऱ्याला भेटायचं, अडलेल्याला हात द्यायचा, कुणी गेलं तर त्याची माती नीट करायची, अनाथ मुलांचं शिक्षण बघायचं. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनची योजना, आली १९३५ ला, त्याआधी कामगार आजारी पडला की बऱ्याचदा घर चालायचं ते लॉजच्या फंडावर. पुढे इन्शुरन्स आला, पेन्शन आली आणि नवीन माणसं यायची कमी झाली. हॉलमध्ये आमची मुलं सोडली तर एकही लहान मूल नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग आजोबांनी त्यांची १९६४ ची शेव्हरोले इम्पाला गाडी काढली. पुढे सोफ्यासारखी सलग सीट, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, खिडकीला ती छोटी त्रिकोणी काच! बाबांच्या फियाटला अगदी तशीच होती, मी ती उघडून वारा तोंडावर घेतला आणि एकदम नाशिक रोड आठवला. हायवे सेव्हन्टी सोडून आम्ही जुना यूएस फॉर्टी धरला. हा नॅशनल रोड, १८११ ला काम सुरू झालेला, केंद्र सरकारच्या पैशाने बांधलेला देशातला पहिला मोठा रस्ता. झेन्सव्हिलला दोन नद्यांच्या संगमावर तीन फाट्यांचा वाय ब्रिज आहे, तिथे पत्ता सांगताना पुलाच्या मध्यावर वळा असं सांगतात! न्यू काँकॉर्डजवळ दगडी एस ब्रिज. ओढा रस्त्याला तिरका जातो, तिरकी कमान बांधणं अवघड, म्हणून कमान ओढ्याला काटकोनात बांधली आणि दोन्हीकडून रस्ताच वळवून आणला. जॉन ग्लेन याच गावात वाढला, १९६२ ला पृथ्वीभोवती फिरणारा पहिला अमेरिकन. आजोबा म्हणाले, त्या दिवशी शाळा-बिळा सगळं सोडून आख्खं गाव रेडिओला चिकटलं होतं.

संध्याकाळी मेथडिस्ट चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. मी मसालेभात केला होता, तिखट अगदी नावाला. शेजारी ग्रीन बीन कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेली फरसबी), उकडलेल्या अंड्यांचं काहीतरी मस्त आणि हिरवी थरथरणारी जेली, जिला इथे सॅलड म्हणतात. जेवणाआधी पास्टरबाईंनी विचारलं, कुणाला आनंदाची बातमी सांगायचीये, कुणाला काळजी? एक आजी उठल्या, मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणाल्या. प्रार्थना झाली आणि लगेच कागद फिरला, कोण गाडीने नेणार, कोण डबा देणार, कुत्र्याला कोण फिरवणार. कागद आमच्या टेबलापर्यंत येईस्तोवर जवळजवळ भरलेला. सकाळी लॉजमध्ये ऐकलेलं सगळं इथे डोळ्यासमोर चाललं होतं, आणि सही करणारे निम्मे चेहरे तेच, पॅनकेकवाले.

गुरुवारचा डबा आम्ही घेतला. वरण-भात पाठवावा का सूप, यावर घरी अजून चर्चा चालू आहे, तुम्हाला काही सुचलं तर कळवा.