गडाच्या पाठीमागून

आमची मैत्री 1971 सालची, पुण्यातल्या एका वसतिगृहात जुळलेली. पुढची कित्येक वर्षे रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खायचे आणि किती मिनिटांत चढलो याचा हिशेब करत उतरायचे, हा आमचा शिरस्ता होता. मित्राच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर वर्षभर आम्ही दोघांनीही गडाचे नाव काढले नाही. मग एके दिवशी त्याचाच फोन आला. ‘‘चढायला मनाई आहे, पण गडाभोवती हिंडायला कोणाची हरकत आहे का?’’

तेव्हापासून गुरुवारी आम्ही बाहेर पडतो. (रविवारी निम्मे पुणे गडावर असते.) कधी एसटीने नसरापूरला उतरून बनेश्वरापर्यंत चालत जातो. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलेल्या त्या देवळामागच्या झाडीत उन्हाचा त्रास होत नाही. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे मित्राला एसटीचे तिकीट लागत नाही, मला अर्धे लागते, आणि ही ज्येष्ठता तो दर वेळी कंडक्टरसमोर मिरवतो.

पण मनापासून आवडते ती वाट कोंढणपूरहून कल्याण गावाकडे जाणारी. तुकाईचे दर्शन घेऊन, चहा पिऊन आम्ही निघतो. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी नेहमी त्याच्या उजवीकडून, म्हणजे वाहनांच्या बाजूने चालतो. सप्टेंबर सरता सरता भातखाचरांत लोंब्या धरलेल्या असतात, बांधांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, आणि समोर सिंहगड असतो. मात्र पुण्यातून दिसतो तसा नव्हे, तर पाठीमागून, कल्याण दरवाजाच्या अंगाने. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे पडल्यावर सूर्याजीने याच बाजूने येऊन लढाई जिंकली, असे सांगतात. त्या दरवाजात आम्ही असंख्य वेळा उभे राहिलो होतो, पण खालच्या गावात कधी पाऊल टाकले नव्हते, याची आता थोडी लाज वाटते.

मागच्या खेपेला एका खाचराच्या बांधावर बसलेल्या आजींनी विचारले, ‘‘गडावर निघाला का बाबा?’’ आम्ही ‘‘नाही, इथवरच’’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग बसा की.’’ आम्ही बसलो. आजी भारा उचलून गेल्या, आणि समोरच्या कड्याकडे पाहत मित्र अचानक म्हणाला, ‘‘तुझ्या लग्नाच्या वेळी मला कावीळ झालेली नव्हती.’’

माझे लग्न 1979 मधले. त्या वर्षी बँकेच्या परीक्षेत मी उत्तीर्ण झालो होतो आणि तो झाला नव्हता. मांडवात सगळे त्याबद्दलच विचारतील, या धास्तीने त्याने आजाराचा निरोप धाडला होता. समोरासमोर बसून त्याने हे कधीच सांगितले नसते, असे मला वाटते. रागवावे की काय करावे, हे मला क्षणभर सुचेना.

‘‘मग मी रोज सायकलवरून आणून दिलेला उसाचा रस?’’

‘‘तो फार चांगला असायचा. म्हणून तर कावीळ तीन आठवडे लांबवली.’’

परतीच्या बसमध्ये तो डावीकडच्या बाकावर खिडकीशी बसला, आणि मी त्याच्या उजव्या कानाशी बसून कात्रज येईपर्यंत त्या रसाचे पैसे मागत राहिलो.