सिपनेच्या डोहांवर चार दिवस
एप्रिलमध्ये मेळघाटात गेलो ते वाघासाठी नाही, महाशीर माशासाठी. अमरावतीहून परतवाडा, तिथून घटांगचा घाट आणि मग सेमाडोह. सिपना नदी इथून कोलकासकडे वळणं घेत जाते आणि पुढे तापीला मिळते. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग. या दिवसांत साग निष्पर्ण असतो आणि नदीही तशीच: धार ठिकठिकाणी गोट्यांखाली गडप झालेली, मधे मधे डोह. पाऊस पडेपर्यंत महाशीरला जगायला एवढीच जागा. म्हणून आम्ही दोघींनी मासे मोजण्याआधी डोह मोजले. किती खोल, सावली किती, खालच्या डोहाशी धार जोडलेली आहे की तुटली.

पहिल्या दिवशी एक चूक झाली. तापमापी काठाशी बुडवून नोंदी घेतल्या. दुपारी पोटाएवढ्या पाण्यात उतरले तेव्हा मांड्यांना पाणी कोमट लागत होतं आणि पावलांना गार. म्हणजे दिवसभराच्या नोंदी माशाच्या पाण्याच्या नव्हत्याच. तापमापीला दोरी आणि दगड बांधा, तळाचंच तापमान घ्या. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. महाशीरला भरपूर प्राणवायू लागतो, त्यामुळे हा फरक त्याच्या जिवावरचा आहे.

आमच्यासोबतचे कोरकू बाबा एका उंबराखाली थांबले आणि बसायची खूण केली. "नदी आटली का सारे काकू इथंच येते," ते म्हणाले. काकू म्हणजे मासा; हा शब्द शिकूनच जा. अर्धा तास हललो नाही. मग एक पिकलं उंबर टप्‌दिशी पाण्यात पडलं आणि तळातून काळसर पाठ वर आली. कुशीवर वळताना मोठाले खवले पितळेसारखे चमकले, उंबर गेलं. त्याच डोहात त्यानंतर चार वेळा हेच पाहिलं. काठचं उंबराचं झाड तोडलं तर डोह राहील, पण माशाच्या तोंडचा घास जाईल.

वाळूत एक सुटा खवला सापडला, रुपयाच्या नाण्याहून मोठा. भिंगाखाली त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. वाढ मंदावते तिथे ती दाटतात. वय काढायला मासा मारावा लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

जाणाऱ्यांनी परवानगीचा अर्ज काही महिने आधी करावा. हा व्याघ्र प्रकल्प आहे; पाण्यात हात घालायलाही वनखात्याची लेखी संमती हवी आणि सोबत वनरक्षक हवा. सकाळी उन्हं वर आल्यावरच डोहावर जा, संध्याकाळी लवकर निघा. पहाट आणि तिन्हीसांज ही पाण्यावर जनावरांची वेळ. शेवाळलेल्या दगडांवर पकड धरणारे बूट, चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा आणि रोख पैसे जवळ ठेवा. अंगाला क्रीम लावून डोहात उतरू नका, साचलेल्या पाण्यात ते तसंच राहतं. वाट दाखवणाऱ्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्या, आणि त्याने सांगितलेल्या डोहांची नेमकी ठिकाणं कुठेही छापू नका. उन्हाळ्यात एका डोहात कुणी ब्लीचिंग पावडर टाकली, तर त्यातले सगळे मासे एका दुपारी संपू शकतात.

मासे कमी दिसले म्हणून बाहेरून मत्स्यबीज (माशांची पिल्लं) आणून सोडायचा आग्रह कुणी धरला, तर स्पष्ट नाही म्हणा. लोणावळ्याजवळ वाढवलेला खुद्री महाशीर, म्हणजे महाशीरचीच दुसरी जात, कावेरीत सोडला गेला, आणि तिथल्या मूळच्या वशिंडाच्या महाशीरची जागा त्याने व्यापली. सिपनेतला मासा नेमका कोणता, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासणीला दिला तरी पुरतो.

महाशीर पुराच्या पाण्यात वर चढून गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालतो. ते पात्र पाहायला जुलैच्या शेवटी पुन्हा जायचं आहे. अर्ज आत्ताच टाकलाय.