शेवटच्या रांगेतले कान

विमानातली शेवटची रांग सहसा कोणी हौसेने मागून घेत नाही. सीटची पाठ धड मागे जात नाही, टॉयलेटसाठी थांबलेल्यांची कोपरं लागत राहतात आणि उतरायचं सगळ्यांच्या शेवटी. मी मात्र तास-सव्वा तासाचा प्रवास असला की तीच घेते. मागे गॅलीचा, म्हणजे क्रूच्या छोट्या स्वयंपाकघराचा, पडदा असतो, आणि पडद्याला डोळे झाकता येतात, कान नाही. शिवाय इंजिनाच्या घरघरीत क्रूला जरा चढ्या आवाजातच बोलावं लागतं. म्हणजे मी चोरून ऐकते असंही कोणी म्हणू नये.

विषय काय असतात? रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक. पहाटेचं रिपोर्टिंग. स्टँडबाय म्हणजे फोन उशाशी ठेवून अर्धवट झोपणं. उंच टाचांचे बूट काढून सपाट चपला घातल्यावरचा तो सुस्कारा. परवा एकीचं घरमालकपुराण रंगलं होतं. "मी त्याला स्पष्ट सांगितलं, डिपॉझिट परत दिल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. तर तो म्हणतो—" टिंग. "येस सर, आणते हं पाणी." आवाज एकदम मधाळ, घोषणेतला. पाणी देऊन परत आली आणि त्याच शब्दापासून पुढे सुरू: "—म्हणतो, भिंतीला खिळे कोणी ठोकले?"

एवढं घरचं बोलणाऱ्या या दोघी बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी ब्रीफिंगला पहिल्यांदा भेटलेल्या असतात. मोठ्या एअरलाइनमध्ये जोड्या रोज बदलतात. उद्या ही कुठे, ती कुठे. कदाचित म्हणूनच जीभ सैल सुटत असावी. बहिणीला जे सांगायला दहा वेळा विचार करावा लागतो, ते इथे ट्रॉलीत कप भरता भरता सांगून होतं.

उतरण्याची वेळ आली की मात्र दोघी जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्च्यांवर, पट्टे आवळून बसतात आणि गप्प होतात. आधी मला वाटायचं, दमल्या बिचाऱ्या. पण त्या मिनिटांत त्या मनातल्या मनात उजळणी करत असतात: आग लागली तर कुठलं दार उघडायचं, काय ओरडायचं, आसपासच्या प्रवाशांपैकी मदतीला कोण धडधाकट दिसतो. प्रमाणपत्र मिळण्यासाठी विमानाला चाचणीत निम्मेच दरवाजे वापरून 90 सेकंदांत रिकामं होऊन दाखवावं लागतं, आणि साधारण दर 50 सीटमागे एक क्रू असा हिशोब असतो. त्या नजरेने माझ्याकडे पाहिलं असेल, तर धडधाकटांत माझी गणना झाली नसावी.

घरमालकाचा किस्सा त्या शांततेत लटकून राहिला. विमान थांबलं, दारं उघडली, रांग मुंगीच्या पावलाने सरकू लागली. पुढचे काका बॅग काढायला अडखळले, तेव्हा मनात म्हटलं, सावकाश काढा हो. तेवढ्यात मागून आलंच:

"मग? दिलं का डिपॉझिट?"

"अर्धं. आणि खिळे मलाच काढायला लावले."