पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने: किलोमीटर मोजू नका, काठ बघा

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या कडेकडेने सायकल चालवून आलोय, सव्वातीनशेच्या आसपास किमी, सहा दिवस. आधी दोघांनीही अशी टूर कधी केली नव्हती, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहितेय.

घरी बसून प्लॅन करताना आम्ही रोज किती किमी यावरच डोकं घालवलं. खरं ठरवायचं असतं ते नदीच्या कुठल्या बाजूने जायचं. बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांना सायकलचा रस्ता आहे, पाट्याही आहेत, पण पूल लांब लांब, मग पलीकडे जायला वीजप्रकल्पांचे बंधारे नाहीतर छोट्या बोटी. आणि बोटी संध्याकाळी बंद होतात! वाखाउमध्ये, म्हणजे मेल्क ते क्रेम्स या पट्ट्यात, आमचं बुकिंग होतं डाव्या काठावर (नदी वाहते त्या दिशेने बघितलं की डावा) श्पिट्झला, आम्ही उजव्या काठाने जर्दाळूच्या बागा बघत रमतगमत आर्न्सडॉर्फला पोचलो तर शेवटची बोट गेलेली. गाव समोर दिसतंय, दिवे लागलेत, आणि मध्ये नदी. थेट क्रेम्सच्या पुलापर्यंत जाऊन उलटं यावं लागलं, तीस-पस्तीस किमी जास्तीचे, तेही दिवसभर चालवून झाल्यावर. तेव्हा मुक्काम बुक करतानाच गाव कुठल्या काठावर आहे ते लिहून ठेवा, आणि बोटीवर अवलंबून असाल तर तिची शेवटची वेळ पण. आर्न्सडॉर्फ-श्पिट्झची ती बोट मात्र चुकवू नका, तिला इंजिन नाही, वर ताणलेल्या तारेला बांधलेली असते आणि नदीच्या प्रवाहानेच पलीकडे सरकते, आवाज म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम जाऊन येऊन तिच्यात बसलो.

तसंच त्याच्या बरंच आधी, लिंझच्या अलीकडे श्लोगनला. तिथे नदी जवळजवळ उलटी फिरते, आणि त्या वळणावर डाव्या काठाचा रस्ता मध्येच संपतो, पुढे बोटच. उजवा काठ सलग आहे. सायकल खाली लावून अर्धा-पाऊण तास चढून वर जा, तिथून ते अख्खं वळण एका नजरेत दिसतं.

लिंझ सोडल्यावर माउटहाउझन येतं. 1938 साली नाझींनी उभारलेली छळछावणी, आता स्मारक. गावातून वरती चांगलाच चढ आहे, आम्ही सायकली ढकलत गेलो. निदान अर्धा दिवस ठेवा आणि त्या दिवशी पुढे फार चालवायचं ठरवू नका, बाहेर आल्यावर खूप वेळ आम्ही बोललोच नाही.

ग्राइनच्या पुढे उजवा काठ घ्या, डावीकडे गाड्यांचा मोठा रस्ता लागूनच आहे. मेल्कला मठ बघा, आणि मेल्क ते क्रेम्स हे जेमतेम 36-38 किमी आहेत म्हणून एका दुपारी उरकू नका, पूर्ण दिवस द्या. एवढा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे तो उगाच नाही, उतारावर दगडी बांधांचे द्राक्षमळे, आणि ड्युर्नश्टाइनच्या वर त्या किल्ल्याचे अवशेष जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. गावं डावीकडे, गर्दीही डावीकडेच, शांतता उजवीकडे.

सायकली आम्ही पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नाला परत दिल्या, हे बेस्ट, कारण लांबच्या ट्रेनमध्ये सायकलसाठी आधी रिझर्व्हेशन लागतं आणि सीझनमध्ये जागा भरतात. घेताना सीटची उंची नीट करून घ्या, जादा ट्यूब आणि पंप मागून घ्या, ब्रेक तिथेच चालवून बघा. दिशा पासाऊकडूनच ठेवा, उतार अगदी थोडा असला तरी वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून असतो.

रविवारी दुकानं बंद, शनिवारीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा. बोटींसाठी सुटे युरो जवळ असू द्या. व्हिसा शेंगेनचा, पण अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा, आमच्या बाबतीत ऑस्ट्रियाकडे.

शेवटचा दिवस क्रेम्स ते व्हिएन्ना, 80 च्या आसपास. सपाट आहे, पण उघडं, सावली कमी, पाणी भरून निघा. टुल्नला जेवा आणि मग क्लोस्टरनॉयबुर्गवरून उजव्याच काठाने कालव्याच्या कडेने आत शिरा, ट्रॅफिकमध्ये न अडकता थेट शहराच्या मध्यात पोचता.