नाझारेचा शनिवार-रविवार

मंगळवार, रात्र

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार पोर्तुगालच्या नाझारेला, मोठ्या लाटा बघायला. लिस्बनच्या उत्तरेला सुमारे 120 किलोमीटर, बसने पावणेदोन ते दोन तास. गाव तीन ठिकाणी वसलंय. वाळूला लागून प्राया, कड्यावर 110 मीटर उंचीवर सीतिओ आणि मागच्या टेकडीवर जुनं पेदेर्नेइरा. खोली खाली प्रायातच घ्यायची. लाटा जिथून बघतात तो किल्ल्यावरचा दीपस्तंभ सीतिओपासून जवळ हे खरं, पण बस, बाजार, मासळी सगळं खाली. वर राहिलं की जेवणासाठीसुद्धा चढ-उतार.

खोली ठरवताना समुद्र दिसतो का, याआधी हीटर आहे का ते विचारावं. इथली जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. बाहेर 15 अंश असले तरी रात्री भिंती ओलसर गार होतात, आणि दमट चादरीत झोप लागत नाही.

बुधवार

आज समुद्राचा अंदाज पाहायला सुरुवात. खोली आरक्षित होते, लाट होत नाही, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. मोठ्या लाटांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणून लोक कुठलाही शनिवार धरून येतात आणि गुडघाभर पाणी बघून परत जातात.

अंदाजात नुसती उंची बघून भागत नाही. दोन लाटांमधले सेकंद बघायचे. 8-9 सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ. 15-16 च्या पुढे गेले की लांबच्या वादळातून आलेली, खोलवर ताकद असलेली लाट. दिशा पश्चिम किंवा वायव्य हवी. वारा पडलेला, नाहीतर पूर्वेकडून म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हवा. समुद्रावरून जोराचा वारा असला की लाट उंच असूनही विस्कटते.

किनाऱ्यासमोर समुद्रतळाला 200 किलोमीटरांहून लांब घळ आहे, तळाशी जवळजवळ 5000 मीटर खोल, आणि तिचं तोंड थेट गावाच्या कड्याशी येतं. खोल पाण्यात लाट वेगाने धावते, उथळ पाण्यात मंदावते. त्यामुळे घळीवरून आलेला भाग वळतो आणि बाजूच्या उथळ तळावरून येणाऱ्या भागाला येऊन मिळतो. दोन शिखरं एकावर एक चढली की बाहेर 4 मीटर दाखवणारी लाट इथे दुपटीने, कधी त्याहून उंच उठते. 29 ऑक्टोबर 2020 ला जर्मन सर्फर सेबास्टियन स्टॉइटनर ज्या लाटेवरून फळीवर उतरला, ती 26.21 मीटर मोजली गेली. ती इथलीच, प्राया दो नोर्तेची.

प्राया दो नोर्ते म्हणजे कड्याच्या उत्तरेची वाळू. तिथे पाण्यात पाय घालायचा नाही, शांत दिसलं तरी नाही. सोबत मुलं असतील आणि पाण्यात खेळायचंच असेल, तर दक्षिणेला साओ मार्तिन्यो दो पोर्तो गाठावं. शिंपल्याच्या आकाराची बंदिस्त खाडी, पाणी संथ.

गुरुवार

बस लिस्बनच्या सेते रिओस स्थानकातून. मेट्रोच्या निळ्या मार्गावर जार्दिम झूओलॉजिको इथे उतरलं की समोरच. जाण्याचं तिकीट सहज मिळतं. रविवार संध्याकाळच्या परतीचं मात्र आजच काढलं, त्या बस भरतात. रेल्वेच्या फंदात पडू नये: सर्वांत जवळचं स्थानक वालादो दोस फ्रादेस, तेही नाझारेपासून सहा किलोमीटर दूर, गाड्या मोजक्या आणि संथ.

सीतिओला चढायला 1889 पासूनची, दोरानं ओढली जाणारी गाडी आहे. 318 मीटर मार्ग, 42 टक्के चढ. मोठ्या लाटेच्या दिवशी रांग लागते, म्हणून सकाळी लवकर. वरून किल्ल्यापर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटं उतार, म्हणजे परतताना तेवढाच चढ. 1577 च्या साओ मिगेल किल्ल्याच्या गच्चीवरून लाटा समोर दिसतात. बाहेर मोकळ्या कड्याच्या टोकाशी उभं राहायची गरज नाही, तिथली माती सुटते. बूट जाड तळव्याचे हवेत. गावातली पांढऱ्या चुनखडीची फरसबंदी पावसात साबणासारखी होते.

वरच्या चौकात एर्मिदा दा मेमोरिया ही एवढीशी चौकोनी देवळी. हरणामागे धावणाऱ्या सरदाराचा घोडा 1182 मध्ये इथेच, कड्याच्या टोकावर थांबला अशी आख्यायिका. हिंदुस्थानच्या सफरीपूर्वी वास्को द गामा इथे दर्शनाला आल्याचंही सांगतात. पाच मिनिटांत बघून होते, पण आत शिरून फरशा बघाव्यातच.

शुक्रवार, रात्र

खाण्याचं. टेबलावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह येतात. खाल्ले की बिलात. नको असतील तर हात लावण्याआधी परत पाठवायचे, कुणाला वाईट वाटत नाही. शाकाहारी माणसाने काल्दो वेर्दे मागवताना ‘सें कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणायला विसरू नये. सूप बटाटा आणि कोबीच्या पानांचं, दोन्ही शब्द आपल्याकडे इथूनच आले. पण वर शोरिसोची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती तरंगते, गोव्यातल्या चोरिसाची आई.

आणि सुकी मासळी. वाळूवर जाळी ताणलेल्या लाकडी चौकटी, त्यांवर पोटातून उभे चिरून पुस्तकासारखे उघडलेले कारापाउ. दिसायला बांगड्याच्या जातीचा, पण कुशीवरून शेपटीपर्यंत कडक खवल्यांची रांग. धुऊन, मिठाच्या पाण्यात ठेवून, दोन-तीन दिवस उन्हात. थोडाच वेळ सुकवलेला तो ‘एन्जोआदो’, भाजून उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात. कोकणातल्या माणसाला वासावरूनच चौकट सापडेल. पाऊस असला की चौकटी रिकाम्या, म्हणून शनिवारी ऊन दिसलं तर मासळी त्याच दिवशी घ्यायची, रविवारवर ठेवायची नाही.

शेवटचं: रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास मागे जातं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं नाही. सूर्यास्त शनिवारी साडेसहा-पावणेसातला, रविवारी साडेपाच-पावणेसहालाच. म्हणून सीतिओवरचा सूर्यास्त शनिवारी, आणि रविवारची सकाळ लाटांना. भारताशी अंतर साडेचार तासांचं साडेपाच होईल, घरी फोन तेवढा लवकर. पिशवीत वर्तमानपत्र आणि दोन घट्ट झाकणांचे डबे टाकलेत, मासळीसाठी. बसमध्ये दोन तास शेजारी माणूस बसतो.